भिगवणचे पक्षी, पळसदेवचे देऊळ आणि नातवंडे: साठ हजारांत नवा फोन घ्यावा की कॅमेरा?

भीमाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी इंदापूर तालुक्यात राहतो आणि गेल्या मार्चअखेर सहकारी बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालो. फोटोग्राफीची हौस जुनी आहे. तरुणपणी माझ्याकडे आगफाचा क्लिक थ्री होता. एका रोलवर बाराच फोटो निघत असल्यामुळे बटण दाबण्याआधी माणूस दहा वेळा विचार करी. पुढे बदल्या आणि संसार यांत ती हौस मागे पडली. आता साठ हजार रुपये वेगळे काढून ठेवले आहेत आणि ते कशावर खर्च करावेत हे काही केल्या ठरत नाही.

मला मुख्यतः उजनीच्या फुगवट्यावर, म्हणजे भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या पट्ट्यात, हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांचे फोटो काढायचे आहेत. त्याखेरीज पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ, जे धरणामुळे पाण्याखाली गेले आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडे पडते, ते यंदा सावकाश टिपावे असे मनात आहे. आणि घरी दोन नातवंडे आहेत, जी एका जागी बसत नाहीत.

जावईबापूंचे म्हणणे असे की, आजच्या फोनमध्ये दोनशे मेगापिक्सेल आणि शंभर पट झूम असताना कॅमेऱ्याचे ओझे या वयात कशाला वाहायचे? ते चुकीचे बोलत असतील असे मला वाटत नाही. परंतु गेल्या जानेवारीत नावेतून रोहित पक्ष्यांच्या थव्याचे जे फोटो मी माझ्या तीन वर्षांच्या फोनवर काढले, ते घरी टीव्हीवर लावल्यावर गुलाबी ठिपके आणि भोवती ब्रशने रंगवल्यासारखे पाणी, एवढेच दिसले. हे फोन जुना असल्यामुळे झाले की मुळात तो फोन असल्यामुळे झाले, हा माझा खरा प्रश्न आहे.

सुरय

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: तो फोन असल्यामुळे झाले. मी पुण्याहून अनेक वर्षे दर हिवाळ्यात कुंभारगावला जातो, म्हणून हिशेबही तिथलाच मांडतो.

कवड्या खंड्या पाण्यावर पंख फडफडवत एका जागी थांबतो आणि मग दगडासारखा खाली पडतो, हे आपण पुष्कळदा पाहिले असेल. चोचीपासून शेपटीपर्यंत तो साधारण ३० सेंमी भरतो. आपली नाव त्याच्यापासून ३० मीटरवर आहे असे धरू. फोनच्या पाचपट टेलिलेन्सची, म्हणजे दूरचे जवळ आणणाऱ्या लेन्सची, पोच जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या मापाने १२० मिमीच्या आसपास असते. तिच्यातून हा पक्षी चित्राच्या रुंदीचा जेमतेम तिसावा हिस्सा व्यापतो, म्हणजे ४००० पिक्सेल रुंद चित्रात त्याच्या वाट्याला सुमारे १३० पिक्सेल येतात आणि त्याच्या डोळ्याला चार. तोच पक्षी ३०० मिमीची लेन्स लावलेल्या साध्या क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे ज्याचा प्रकाश टिपणारा सेन्सर फिल्मच्या चौकटीहून लहान असतो अशा) २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्यात साडेसातशे पिक्सेल घेतो. शंभर पट झूम म्हणजे ते १३० पिक्सेल ताणून मधल्या जागा सॉफ्टवेअरने अंदाजाने भरणे होय, आणि आपल्याला टीव्हीवर जे रंगवलेले पाणी दिसले ते बहुधा अशाच अंदाजाचे फळ आहे.

दोनशे मेगापिक्सेलचेही असेच आहे. एरवी असे फोन सोळा पिक्सेलांचा एक करून साडेबारा मेगापिक्सेलचेच चित्र देतात, कारण एवढ्याशा जागेत कोंबलेला एकेक पिक्सेल फारच थोडा प्रकाश गोळा करतो. चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर सुमारे ९.८ × ७.३ मिमी असतो, तर क्रॉप सेन्सर २३.५ × १५.६ मिमी, म्हणजे क्षेत्रफळाने पाचपट. फोनच्या टेलिलेन्समागचा सेन्सर तर बहुतेक वेळा मुख्य सेन्सरहूनही लहान असतो.

जावईबापूंचा फोन नवा असेल तर एक गंमत करून पाहा. दिवेलागणीला घरात पाचपट झूम लावा आणि टेलिलेन्सवर बोट ठेवा. पडदा काळा झाला नाही, तर फोन ती लेन्स वापरतच नाही, मुख्य लेन्सचे चित्र कापून आपल्याला दाखवतो आहे असे समजावे. कमी उजेडात पुष्कळ फोन हे न सांगता करतात.

राहिली गोष्ट वेगाची. उडता सुरय पक्षी किंवा झेपावणारी मोरघार गोठवायची तर शटर १/२००० सेकंदाच्या घरात लागते. फोन एकामागोमाग अनेक फ्रेम घेऊन त्यांचे मिश्रण करतो आणि स्थिर दृश्यात ते फार सुंदर जमते. पंख मात्र दर फ्रेमला वेगळ्या जागी असतात, तेव्हा मिश्रण करणार कशाचे?

साठ हजारांत माझी शिफारस अशी: वापरलेला क्रॉप सेन्सर डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि ७०-३०० मिमीची, कंपन रोखणारी झूम लेन्स. लोक आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळत असल्यामुळे चांगल्या अवस्थेतले डीएसएलआर बाजारात येत आहेत आणि या रकमेत दोन्ही बसते. नवा मिररलेस आणि त्याला शोभेल अशी लांब लेन्स घ्यायची म्हटले तर साठ हजार पुरणार नाहीत.

मांडववाला

मी सांगलीकडे लग्नाची फोटोग्राफी करतो, कॅमेऱ्यावर माझे घर चालते; तरीही थोडी उलटी बाजू मांडतो. सुरय यांचा हिशेब पक्ष्यांपुरता शंभर टक्के मान्य. परंतु काकांच्या यादीतले देऊळ आणि नातवंडे यांसाठी हातातला तीन वर्षांचा फोन पुरेसा आहे, किंबहुना देवळाच्या बाबतीत तो कॅमेऱ्यापेक्षा सोपा पडेल.

पळसदेवला भर उन्हात दगडी दाराच्या आत काळोख आणि बाहेर पांढरे आभाळ असणार. फोन कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम जोडून दोन्हीकडचा तपशील एका क्षणात दाखवतो. कॅमेऱ्यात तेच करायचे तर रॉ (म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली कच्ची) फाइल काढा, घरी संगणकावर उघडा, सावल्या उचला, आभाळ खाली आणा. मला हे रोजचे आहे. घरी आल्यावर रोज रात्री दोन तास पडद्यासमोर बसायची काकांची तयारी आहे का, हे त्यांनी स्वतःला विचारावे. पक्ष्यांच्या एका सकाळीत हजार फोटो सहज होतात आणि त्यांतले नऊशे टाकून द्यावे लागतात. घरात बरा संगणक नसेल तर साठ हजारांतले काही त्यासाठी राखावे लागतील, ही गोष्ट कॅमेरा विकणारा कधी सांगत नाही.

नातवंडांचे म्हणाल, तर अंगणात, उजेडात फोन उत्तम. संध्याकाळी घरात ट्यूबलाइटखाली धावणारे मूल मात्र फोनमध्ये पुसट येते. त्यावर उपाय म्हणून कॅमेऱ्यासोबत पुढेमागे ५० मिमी एफ/१.८ ही भरपूर प्रकाश आत घेणारी लेन्स घ्यावी, कारण ती बहुतेक कंपन्यांच्या स्वस्त लेन्सपैकी एक आहे आणि क्रॉप सेन्सरवर चेहऱ्यांसाठी फार गोड चालते. फोनचा पोर्ट्रेट मोड पार्श्वभूमी हिशेबाने पुसट करतो, त्यामुळे नातीच्या भुरभुरणाऱ्या केसांच्या कडा तो हमखास कापतो. लेन्स कापत नाही.

छापण्याचा विचार असेल तर एवढे ध्यानात असू द्यावे की, १२ मेगापिक्सेलचे चित्र ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) साधारण १३ × १० इंच छापता येते. घरच्या भिंतीला त्याहून मोठे सहसा लागत नाही, तेव्हा मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलण्याचे कारण नाही.

दुर्बीण

ब्रिज कॅमेऱ्याचे नाव अजून कोणी कसे काढले नाही? निकॉनचा पी९५० एकाच न बदलणाऱ्या लेन्समध्ये २४ ते २००० मिमीएवढी पोच देतो. सुरय यांच्या हिशेबाने ३० मीटरवरचा तो खंड्या यात चित्राच्या निम्म्याहून अधिक रुंदी भरून टाकेल. वजन साधारण एक किलो, लेन्स बदलायची कटकट नाही, धूळ आत जाण्याची भीती नाही. निवृत्त माणसाला आणखी काय हवे? सापडला तर वापरलेला घ्यावा, बजेटमध्ये बसेल.

आणखी एक मुद्दा. ताडोब्यात २०१८च्या डिसेंबरपासून सफारीला मोबाइल नेण्यास बंदी आहे, कॅमेऱ्याला नाही. भीमाकाठ यांचा पुढेमागे तिकडे जाण्याचा विचार असेल तर फोनचा प्रश्न तिथेच मिटतो.

सुरय

दुर्बीण, आपला मुद्दा रास्त आहे आणि फांदीवर निवांत बसलेल्या पक्ष्यासाठी मी तो मानतो. पण उजनीवर निम्मी मजा उडत्या पक्ष्यांत असते. २००० मिमीवर नावेत बसून उडता पक्षी चौकटीत सापडणे हेच अवघड, आणि सापडलाच तर या कॅमेऱ्याचा फोकस त्याच्या मागे धावेपर्यंत तो पलीकडच्या काठावर पोचलेला असतो. त्यात त्याचा सेन्सर ६.२ × ४.६ मिमी, म्हणजे चांगल्या फोनच्या मुख्य सेन्सरपेक्षाही लहान. पहाटेच्या उजेडात आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, चढवला की चित्रात दाणे उमटतात. उन्हे वर आली की आणखी एक अडचण येते: तापलेल्या हवेमुळे पाण्यावर लाटालाटांचे मृगजळ थरथरू लागते आणि जितकी लेन्स लांब तितके ते अधिक दिसते. त्यावर कोणत्याही किमतीच्या लेन्सचा इलाज चालत नाही. उजाडता उजाडता नाव सुटलेली असणे, एवढाच इलाज.

नावेत ट्रायपॉड नेऊ नये, नाव हलते तसा तोही हलतो. जाड कापडाच्या पिशवीत दोन किलो ज्वारी शिवून ती नावेच्या काठावर ठेवावी आणि लेन्स तिच्यावर टेकवावी. माझी पिशवी आईच्या जुन्या नऊवारीची आहे. थवा उडवायला मात्र नावाड्याला सांगू नये. पैसे मिळतात म्हणून एखादा नावाडी उडवतो, आणि मग दिवसभर ते पक्षी चरायचे सोडून नुसते उठत-बसत राहतात.

कातळसडा

वापरलेली लेन्स घेण्याविषयी दोन शब्द रत्नागिरीहून. मी दोन वर्षांपूर्वी एक झूम लेन्स घेतली, दुकानदाराने काचेवर फुंकर मारून लखलखीत करून दाखवली आणि मीही भुललो. पहिल्याच पावसाळ्यात आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली. ती आधीपासून होती, मला दिसली नव्हती एवढेच. तेव्हा लेन्सची दोन्ही झाकणे काढून, अपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र) पूर्ण उघडून, मागच्या बाजूने टॉर्च मारावा आणि पुढून तिरपे पाहावे. धुळीचे चारदोन कण चालतात, धागे चालत नाहीत. बॉडीचे शटर आजवर किती वेळा पडले तो आकडाही विचारावा. दुकानदार टाळाटाळ करील तर दुकान बदलावे. इंदापूरची हवा कोरडी आहे, तरी पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवू नये. झाकण घट्ट बसणारा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळ, एवढे पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला की निर्धास्त झोपावे.

फोनची बाजूही सांगतो. आमच्याकडे सड्यांवर कातळशिल्पे आहेत. कशेळीचा हत्ती एवढा मोठा आहे की जवळ उभे राहून तो साध्या लेन्समध्ये मावतच नाही, आणि तिथे मी फोनची अल्ट्रावाइड लेन्सच वापरतो. फक्त वेळ सकाळची किंवा संध्याकाळची घेतो, कारण ऊन तिरपे असेल तरच कोरलेल्या रेषांत सावली बसते. दुपारी बारा वाजता महागड्या कॅमेऱ्यालाही तिथे नुसता जांभा दिसतो. पळसदेवच्या दगडी कोरीवकामाला हेच लागू पडावे.

भीमाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मांडववाला यांनी विचारलेला प्रश्न मी स्वतःला विचारला. घरात मुलीचा जुना लॅपटॉप आहे, आणि रात्री दोन तास पडद्यासमोर बसणे बँकेत मार्चअखेरीला जन्मभर केले असल्यामुळे त्याचे भय वाटत नाही.

काल जावईबापू मुक्कामाला होते. दिवे लागल्यावर त्यांच्या नव्या फोनवर पाचपट झूम लावून देवघरातली समई चौकटीत घेतली आणि टेलिलेन्सवर बोट ठेवले. समई होती तशीच दिसत राहिली. त्यांनी फोन उलटा करून लेन्स पुसली, मग दुसऱ्या लेन्सवर बोट ठेवून पाहिले, तेव्हा पडदा काळा झाला. ते काही बोलले नाहीत. मात्र रविवारी पुण्याला वापरलेले कॅमेरे पाहायला जाऊ, गाडी मी काढतो, असे सकाळी चहाच्या वेळी त्यांनीच सुचवले. टॉर्च बरोबर घेतो आहे. सौभाग्यवतींनी ज्वारीच्या पिशवीसाठी कापड काढून ठेवले आहे, फक्त ज्वारी दोन किलोच लागेल ना, असे त्यांनी विचारायला सांगितले आहे.

सुरय

दोन किलो पुरे. पिशवी गच्च भरू नये, लेन्स रुतून बसेल इतकी सैल ठेवावी, आणि हंगाम संपल्यावर ज्वारी काढून घ्यावी, नाहीतर पोरकिडे होतात.