ओन्ताके: इशारा पातळी १ असताना स्फोट झालाच कसा?

वाटसरू_पुणे:
पुढच्या सप्टेंबरात जपानमधला ओन्ताके ज्वालामुखी (३०६७ मी.) चढायचा बेत आहे. २७ सप्टेंबर २०१४ ला तिथे वाफेचा स्फोट होऊन ५८ जण गेले, ५ जण सापडलेच नाहीत. त्या दिवशी इशारा पातळी १ होती, म्हणजे सर्वांत खालची. लाव्हा वगैरे नाहीच, कुकर फुटावा तसा प्रकार. एवढी यंत्रं असून आधी कळलं का नाही? पातळी १ बघून चढावं का?

काळा_पाषाण:
कुकर ठीक आहे, पण घात करतं ते तळाचं तापलेलं पाणी, वर कोंडलेली वाफ नव्हे. १०० मीटर खोल पाण्याच्या दाबाखाली पाणी साधारण १८० अंशांपर्यंत उकळत नाही. तो दाब एकदम उतरला की त्यातल्या सुमारे १५ टक्के पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते. किलोभर पाण्यातून अडीचशे लिटर! तीच खडक फोडून वर फेकते.

दाब चढतो कारण भेगा बुजतात. वर येणाऱ्या गरम पाण्यातली सिलिका थंड होताना भेगांत बसते, गंधक साचतं, आम्लाने खडकाची चिकणमाती होते. एकदा असं झाकण बसलं की फुटायला शिलारस वर यायलाच हवा असं नाही. न्यूझीलंडमध्ये टोंगारिरो ज्वालामुखीवरच्या 'ते मारी' नावाच्या मुखापाशी ६ ऑगस्ट २०१२ च्या रात्री आधी उतार घसरला, वरचं ओझं हललं आणि खालचं पाणी उसळलं.

कंपनवेध:
यंत्रांना कमी दिसतं ते याचमुळे. शिलारस चढतो तेव्हा खडक तोडत, डोंगर फुगवत येतो, त्यामुळे खुणा बऱ्याचदा आधीपासून मिळतात. पाण्याची गडबड उथळ आणि लहानशा जागेत चालते. ओन्ताकेवर १० सप्टेंबरला ५२ आणि ११ ला ८५ लहान भूकंप नोंदले गेले, पुढे संख्या घटली. जमीन फुगल्याचं दिसलं नाही, म्हणून पातळी तशीच राहिली. मग २७ ला ११:४१ ला सलग कंपन सुरू झालं, ११:४५ ला टिल्टमीटरवर (जमिनीचा कल मोजणारं यंत्र) उतार बदलला, ११:५२ ला स्फोट. अकरा मिनिटांत शिखरावरून कोणी खाली पोचत नाही.

वर चढवलेली पातळीसुद्धा माणसं थांबवतेच असं नाही. न्यूझीलंडच्याच व्हाकारी या ज्वालामुखी बेटावर १८ नोव्हेंबर २०१९ पासून पातळी २ होती. ९ डिसेंबरला स्फोट झाला तेव्हा बेटावर ४७ जण होते, त्यांपैकी २२ गेले. जपानने २०१५ मध्ये पातळी १ चं 'सामान्य' हे वर्णनच काढून टाकलं आणि स्फोट होताच लोकांना कळवणारी तातडीची सूचना सुरू केली. दोन्ही फार गरजेचे बदल होते.

वाटसरू_पुणे:
म्हणजे आपल्या हातात काहीच नाही?

सह्यवाट:
आहे ना. मुखाजवळ किती वेळ थांबायचं हे पूर्ण आपल्याच हातात आहे. २०१४ ला शनिवार, जेवायची वेळ, स्वच्छ हवा आणि पानांचे रंग, म्हणून माथ्यावर गर्दी होती. बहुतेक मृत्यू उडालेल्या दगडांच्या माराने झाले, आणि तो मारा मुख्यतः मुखापासून किलोमीटरभरात होता. त्यामुळे डबा त्या पट्ट्याच्या बाहेर खा, माथ्यावर रेंगाळू नका. चढतानाच मोठे खडक, झोपड्या, काँक्रीटचे निवारे हेरून ठेवा.

हेल्मेट, डोळ्यांवर घट्ट बसणारा गॉगल, एन-९५ मास्क आणि हेडलॅम्प हवाच, कारण राखेत भर दुपारी काळोख होतो. हेल्मेट लहान दगडांपुरतं आहे, मोठ्या दगडांनी तिथल्या झोपड्यांची छपरंही भेदली होती.

धूर उसळताना दिसला की मोबाइल काढू नका. मोठ्या खडकाच्या मुखाविरुद्धच्या बाजूला अंग आक्रसून बसा, सॅक डोक्यावर आणि मानेवर धरा. मारा ओसरला की निवारा गाठा. घळीत किंवा ओढ्यात मात्र उतरायचं नाही, राखेचा लोट आणि चिखल तिकडूनच येतो.

स्फोट नसतानाही खोलगट जागी थांबू नका. जपानच्याच आदातारा ज्वालामुखीवर १९९७ मध्ये हायड्रोजन सल्फाइडने चार गिर्यारोहक गेले. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं, त्यामुळे सडक्या अंड्यांचा वास थांबला म्हणजे धोका टळला असं समजू नका. एन-९५ वायू अडवत नाही.

आणि चढाईची नोंद आधी भरा, वाट आणि उतरायची वेळ लिहून. २०१४ ला अनेकांनी ती भरलेली नव्हती, त्यामुळे वर नेमके किती जण अडकलेत हे ठरवणंच अवघड गेलं.