रविवार भक्तीचा आहे, पण विसावा कधी घ्यायचा?

पाळीवाली नर्स, विजापूर रोड

सगळ्यांना जय ख्रिस्त.

मागच्या रविवारचं सांगते. शनिवारची रात्रपाळी करून सकाळी आठला घरी आले. नेमका त्याच दिवशी आमच्या भागात पाण्याचा नंबर. सोलापूरकरांना सांगायला नको, चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि ते आलं की घरात दुसरं काही सुचत नाही. पिंपं भरली, मुलांना तयार केलं, दहाची चर्चमधली भक्ती गाठली. मग संडे स्कूलचा वर्ग, लगेच महिला मंडळाची मीटिंग, दुपारी एकीकडे घरसभा (तिथले पोहे मीच करून नेले), संध्याकाळी नाताळच्या गाण्यांचा सराव. रात्री अंथरुणाला पाठ टेकली तेव्हा जाणवलं, दिवसभर देवाच्या नावाने धावले आणि देवाशी एक शब्द बोलले नाही. मला रडू आलं.

माझं मत स्पष्ट आहे. मंडळीने, म्हणजे आपल्या चर्चने, महिन्यातला एक रविवार मोकळा ठेवावा, असा माझा कमिटीकडे अर्ज आहे. भक्ती करा आणि घरी जा. बायबलात मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूचे शिष्य गावोगाव सेवा करून परत येतात. माणसांची ये-जा इतकी की त्यांना जेवायलाही सवड नाही. तेव्हा प्रभू त्यांना आणखी एक सभा लावून देत नाही. एकांतात चला, थोडा विसावा घ्या, असं सांगतो. आपण मात्र दमलेल्या माणसाला समर्पित म्हणतो आणि घरी थांबलेल्याला विश्वासात थंड पडलेला.

निवृत्त शिक्षक, रेल्वे लाईन्स

ताई, तुमचा थकवा खरा आहे. पण तोच अध्याय पुढे वाचा. ते होडीतून एकांतात निघाले, तर लोक पायी धावत आधीच तिथे हजर. प्रभूला त्यांचा कळवळा आला आणि तो त्यांना शिकवू लागला. पाच हजारांचं जेवण त्याच दिवशीचं. विसावा मोडला म्हणून त्याने लोकांना परत पाठवलं नाही.

माझे आजोबा जुन्या मिलमध्ये होते. आठवडाभर भोंग्यावर जगायचं. रविवारी मंडळीत तास-तासभर बसायचे, गायचे, आणि घरी येताना त्यांचा चेहरा वेगळाच असायचा. देवाच्या लोकांत बसणं हाच त्यांचा विसावा होता. मी कित्येक वर्षं संडे स्कूल घेतलं. कोविडनंतर दारं उघडली तेव्हा ओळखीची अनेक मुलं परतली नाहीत. एकदा मोडलेली सवय पुन्हा लागत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. रविवार मोकळा सोडला तर तो देवाला मिळणार नाही, मोबाईलला मिळेल. माझा याला विरोध आहे.

पुण्यात नोकरी, घर सोलापुरात

मी काकांच्या बाजूने, पण कारण वेगळं. विसावा मंडळीने का द्यावा? तो आपला आपण काढायचा. प्रभू पहाटे अंधार असतानाच उठून निर्जन जागी प्रार्थनेला गेला, हेही मार्कातच आहे, पहिल्या अध्यायात. सोमवारी सकाळी हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसलो की कुर्डुवाडीपर्यंत मी फोन बंद ठेवतो. एक स्तोत्र वाचतो आणि खिडकीबाहेर बघत बसतो. आठवडाभर तेवढं पुरतं. वेळ नाही असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ठरवलेलं नसतं.

पाळीवाली नर्स, विजापूर रोड

भाऊ, तुम्हाला खिडकी मिळते आणि शेजारी कोणी डबा मागत नाही. पहाटे मी वॉर्डात औषधं देत असते.

काका, पुढे वाचा म्हणालात म्हणून अजून पुढे वाचते. लोकांना जेवू घातल्यावर प्रभूने शिष्यांना आधी होडीत बसवून पाठवलं, मग लोकांना निरोप दिला आणि स्वतः डोंगरावर प्रार्थनेला गेला. निरोप दिला, काका. गर्दी खरी होती, तिची गरजही खरी होती, तरी एका वेळी त्याने तिला घरी पाठवलं. ती वेळ आपल्या मंडळीत कधी येतच नाही, एवढंच माझं म्हणणं.

टॉवेल शिलाई, अक्कलकोट रोड

तुम्ही सगळे पगार-पेन्शनवाले, म्हणून बोलावं वाटलं. मी घरी टॉवेलला कडा मारते. डझनावर पैसे. हात थांबला की पैसे थांबले. रविवारी पण रात्री मशीन चालवावीच लागते.

ताई, तुमची मीटिंग बंद करू नका बगा. तुम्हाला ती काम वाटते, मला तिथं खुर्ची मिळते. घरात मी एकतर मशीनवर असते नाहीतर चुलीपाशी. मंडळीत दोन तास मला कोणी हाक मारत नाही. मी काही बोलत नाही, नुसती बसते. देव तिथं माझ्याजवळ बसतो असं मला वाटतं.

पण एक सांगते. प्रीतिभोजनाच्या, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणाच्या, दिवशी पुरुष जेवून परत प्रार्थनेला बसतात आणि आम्ही मागं नळापाशी भांडी घासतो. गाण्याचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. मार्था घरकामात गुंतली होती, तिला प्रभूने सांगितलं की ऐकत बसलेल्या तुझ्या बहिणीनं चांगलं निवडलं, ते सगळे ऐकवतात. मार्थेची भांडी मग कोणी घासली, ते कोणी सांगत नाही.

शनिवार पाळणारा

आमच्या घरी शुक्रवारचा सूर्य मावळला की शनिवारचा मावळेपर्यंत शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस. स्वयंपाक, कपडे, बाजार, सगळं शुक्रवारी आटोपायचं. अरण्यात इस्राएली लोकांना देवाने दिलेलं अन्न, मान्नासुद्धा, सहाव्या दिवशी दुप्पट मिळायचा. तयारीशिवाय विसावा होत नाही. शनिवारच्या सुटीपायी मी एक नोकरी सोडली आहे, त्यामुळे हे सोपं आहे असं म्हणणार नाही. शनिवार की रविवार, हा वाद इथे घालत नाही.

कामगार खटले चालवणारा वकील, सात रस्ता

आजोबांच्या मिलचा विषय निघाला म्हणून लिहितो. रविवारची सुटी गिरणीमालकांनी आपखुशीने दिली नाही, आणि ती मिळवून देण्यात चर्चचा वाटाही मोठा नव्हता. फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत कामगारांना एकत्र केलं, वर्षानुवर्षं मागणी लावून धरली आणि 1890 साली ती मान्य झाली. रविवार मागताना एक कारण होतं, तो खंडोबाचा वार. म्हणजे आपल्या भक्तीसाठी मोकळा झालेला दिवस आपल्याला दुसऱ्यांच्या झगड्याने मिळाला. तेव्हा विसावा ज्याचा त्याने काढावा, हे पुण्याच्या भावाचं म्हणणं मला पटत नाही. एकट्याला तो मिळतच नाही.

बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातली शब्बाथाची आज्ञा बघा. तू, मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परका, सगळ्यांनी थांबायचं. कारण दिलंय, तू मिसरात दास होतास हे आठव. ज्याच्या हाताखाली माणसं आहेत त्याला ही आज्ञा आधी लागू होते.

टॉवेल शिलाई, अक्कलकोट रोड

त्या यादीत बायको नाही, वकीलदादा. मी एकदा विचारलं तर पाळकसाहेब म्हणाले, ‘तू’ या शब्दात ती धरलेली आहे. मग घरातपण धरा की.

निवृत्त शिक्षक, रेल्वे लाईन्स

नळापाशी शब्द ऐकू येत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. मी त्या हॉलमध्ये पुढच्या रांगेत बसत आलो. पुढच्या प्रीतिभोजनाला भांडी पुरुष घासतील. मी स्वतः नळावर असेन, आणखी चार जणांना आजच फोन करतो.

नर्स ताई, रात्रपाळीनंतरच्या रविवारी तुमचा संडे स्कूलचा वर्ग मी घेईन. आवाज आता पूर्वीसारखा नाही, पण लहान मुलं ऐकतात. महिन्यातला एक रविवार बंद ठेवायला मात्र कमिटीत माझा विरोधच राहील. शिलाईवाल्या ताईंची खुर्ची त्यात जाते.

पाळीवाली नर्स, विजापूर रोड

काका, वर्गाबद्दल मनापासून आभार. या महिन्यात अजून दोन रात्रपाळ्या शनिवारी आहेत, तारखा कळवते.

खुर्चीचं ऐकून मी माझा अर्ज बदलते आहे. मंडळी उघडी राहू दे, पण त्या रविवारी कोणावर काही जबाबदारी नको. पोहे नकोत, हजेरी नको, कोणाला काही विचारणं नको. ज्याला बसायचं त्याने बसावं, ज्याला झोपायचं त्याने घरी झोपावं. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला होता, तेव्हा दूताने त्याला दोनदा खाऊ घातलं आणि मध्ये झोपू दिलं. काम काय आहे, ते त्यानंतर. यालाही विरोध असेल तर कमिटीत सांगा, मी ऐकेन, पण अर्ज मागे घेणार नाही.

शिलाईवाल्या मावशी, त्या दिवशी तुमच्या शेजारची खुर्ची माझ्यासाठी धरा. मी पण बोलणार नाही.