सहायक कोच म्हणजे नुसती पायरी?
कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलमध्ये दहा वर्षं सहायक कोच राहिला, म्हणजे गडी मागे पडला, आणि सहायकाला पगारही तुटपुंजा. मग बिल गथरिज यांना कुठे बसवणार? नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मुख्य कोच डीन स्मिथ यांच्या हाताखाली १९६७ ते १९९७, तब्बल तीस वर्षं ते सहायक होते! मधे पेन स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाचं मुख्य कोचपद चालून आलं होतं, तरी गेले नाहीत. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेनं सुवर्ण जिंकलं, तेव्हाही बाकावर स्मिथ मुख्य आणि हे सहायक. ऑक्टोबर १९९७ मध्ये, हंगाम तोंडावर असताना स्मिथ निवृत्त झाले आणि संघ गथरिज यांच्याकडे आला. तीन हंगामांत दोनदा फायनल फोर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतले शेवटचे चार संघ, आणि २००० मध्ये स्वतःहून बाजूला. मला तरी हा माणूस मागे पडलेला वाटत नाही.

पगाराचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. नव्वदच्या दशकात एनसीएएनं, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं, काटकसरीच्या नावाखाली एका ठरावीक श्रेणीतल्या सहायकांच्या कमाईवर वर्षाला १६,००० डॉलरची मर्यादा घातली होती. मुख्य कोचच्या कमाईला अर्थातच हात नाही. सहायक कोर्टात गेले आणि जिंकले. १९९९ मध्ये ५ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली. आता मोठ्या कॉलेजांत सहायकालाही लाखांत डॉलर मिळतात, पण मुख्य कोच गेला की बहुतेक वेळा त्याचंही बिऱ्हाड हलतं. गथरिज यांच्यासारखी तीस वर्षं एका गावात काढणं आज कुणाला परवडेल, ते सांगा.