माळ्यावर ब्रिक गेम सापडला! '९९९९ इन १' मध्ये खरे गेम किती? आणि गेलेली उभी लाइन परत आणता येते का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या साफसफाईला माहेरी माळ्यावर चढले होते, तिथे जुन्या वायरी आणि फ्यूजच्या डब्यात माझा ब्रिक गेम सापडला, म्हणजे हातात धरून पडणाऱ्या विटा रचायचं ते छोटं मशीन. राखाडी रंगाचा, खाली उजव्या हाताला मोठ्ठं पिवळं गोल बटण, वर '९९९९ इन १' लिहिलेलं. चौथीत असताना जत्रेतून आणलेला, म्हणजे पंचवीसेक वर्षं तरी झाली असतील. सेलच्या जागी पांढरी-हिरवी बुरशी चढली होती ती पुसून दोन पेन्सिल सेल टाकले आणि तो टीवटीव करत चालू झाला हो! मी तिथेच माळ्याच्या शिडीवर बसून खेळले, खालून आई हाका मारतेय.
आता दोन प्रश्न आहेत. एक, स्क्रीनवर उजवीकडून तिसरी उभी लाइन अजिबात दिसत नाही, त्यामुळे विटा पडतात पण भोक भरलं की नाही तेच कळत नाही. ही दुरुस्त होते का? दुसरं, त्यात खरंच ९९९९ गेम होते का? लहानपणी मी आणि चुलतभाऊ मोजायला बसायचो आणि शंभराच्या आसपास कंटाळून सोडून द्यायचो.
आणि एक राहिलंच. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने दोन दिवस खेळला आणि मग विचारलं, "आई, यात पुढे काय होतं?" मला काही सांगताच आलं नाही.

सोल्डरवाला
ताई, लाइन बहुतेक परत येईल, घाबरू नका. स्क्रीनवर १० बाय २० असे २०० चौकोन असतात आणि ते कॅल्क्युलेटरच्या आकड्यांसारखे काचेत आधीच कोरलेले असतात, फक्त काळे होतात नाहीतर पुसट होतात. प्रत्येक चौकोनाला वेगळी वायर नसते, लाइनी वाटून घेतलेल्या असतात, म्हणून एक कॉन्टॅक्ट सैल झाला की एक चौकोन न जाता अख्खी लाइन जाते. मागचे स्क्रू काढा, आत बोर्ड दिसेल आणि त्यावर डांबरासारखा काळा थेंब, तीच चिप आहे, तिला हात लावू नका. बोर्ड आणि काचेच्या मध्ये रबराची पट्टी असते, तिच्यात बारीक काळ्या रेघा असतात, करंट त्यातूनच जातो. ती पट्टी आणि बोर्डावरचे तांब्याचे दात मोबाइल रिपेअरवाल्याकडे मिळतं त्या आयपीए लिक्विडने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) कापसाच्या काडीवर घेऊन हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि बोर्डाचे स्क्रू सगळे सारखे आवळा. बऱ्याचदा नुसते स्क्रू आवळले तरी काम होतं. पण रबराऐवजी चिकटवलेली पातळ फिल्म दिसली तर ती अजिबात ओढू नका, तुटली की संपलं.
सेलच्या पत्र्यांना कापसाने थोडा व्हिनेगर लावून पुसा आणि कोरडं करा, नाहीतर परत बुरशी येते.

रात्रपाळी
९९९९ चं गणित सांगतो. मूळ गेम मोजके, बहुतेक मशीनमध्ये बोटांवर मोजता येतील इतकेच. विटा रचायच्या, रणगाडा, गाड्यांची शर्यत, साप, बॉलने भिंत फोडायची, बेडूक रस्ता ओलांडतो तो, आणि खाली येणाऱ्या रांगांवर गोळ्या झाडायच्या. मग एकाच गेमचे प्रकार करायचे, म्हणजे विटांच्या गेममध्ये खालून रांग वर ढकलली जाते, नाहीतर एखादा तुकडा बॉम्ब असतो. त्यावर स्पीड वेगळा आणि लेव्हल वेगळी. समजा १० स्पीड आणि १० लेव्हल, तर एकाच प्रकाराचे १०० गेम झाले ना! डब्यावरचा आकडा असा फुगतो. १०० च्या आसपास तुम्हाला कंटाळा आला तो बरोबरच, पुढेही बहुतेक तेच गेम स्पीड आणि लेव्हल बदलून येतात.
पण मला त्याचा राग कधीच आला नाही. गाड्यांच्या शर्यतीत समोरची गाडी म्हणजे फक्त सात चौकोन, तरी शेवटच्या क्षणी डावीकडे वळलं की पोटात गोळा यायचा. मी गावी एसटीत खिडकीशी बसून खेळायचो आणि ऊन आलं की स्क्रीन उलट अजून छान दिसायची, तिला लाइटच नसायचा.

विटेवरवीट
मुलाच्या प्रश्नावर लिहिते कारण माझ्या भाचीनेही हेच विचारलं होतं. पुढे काहीच होत नाही. गोष्ट नाही, शेवटचा राक्षस नाही, नवीन जग उघडत नाही. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव यांनी टेट्रिस केला तेव्हाही मूळ खेळ एवढाच होता, चार-चार चौकोनांचे सात आकार आणि भरलेली रांग गायब. आपल्या ब्रिक गेमने तोच घेतला. खोली शोधायला गेलात तर वीतभरही नाही मिळणार, पण तासभर कुठे गेला ते कळत नाही हेही तितकंच खरं. त्यामुळे त्याला एकट्याला देऊ नका, तुमची पाळी त्याची पाळी असं करा. माझ्याकडच्या मशीनवर एक रांग भरली की १०० आणि चार एकदम भरल्या की १५००, त्यामुळे भाची आता कडेची उभी लाइन मोकळी ठेवून लांब काठीची वाट बघत बसते, श्वास रोखून. तुमची उजवीकडची लाइन दिसत नसताना हे कसं जमणार, म्हणून आधी दुरुस्ती करा.

कृष्णाकाठ
सोल्डरवाला दादा, लाइन आली!! रबराचीच पट्टी होती, पुसली, स्क्रू आवळले, आधी अर्धीच दिसली मग परत उघडून आवळले तेव्हा पूर्ण आली. काल रात्री आम्ही दोघं पाळीपाळीने खेळलो, पोराने ८,४०० केले आणि मी ७,९००. आता तो मला सेल काढू देत नाहीये, काढले की हायस्कोर जातो ना. सेल टीव्हीच्या रिमोटचे घातलेत, तो तसाच बंद पडलाय, त्याच्यासाठी उद्या नवीन सेल आणते.