रमजानची तयारी आतापासून कशी करू? कझा रोजे, वावरातलं काम अन् सासऱ्यांची शुगर

पऱ्हाटी (यवतमाळ जिल्हा)
सलाम सगळ्यांले. रजब महिना लागला, रमजानले दोन महिने राहिले, म्हणजे २०२७ चा रमजान फेब्रुवारीच्या ८-९ तारखेले येईन, बाकी चांद दिसन तवा खरं. मागच्या रमजानात मी मजुरीनं हरभरा सोंगाले जात होती, पहिले तीन रोजे डोकं असं ठणकलं की दुपारी धुऱ्यावर पडून राहिली, अन् सात रोजे कझा राहिले (सुटलेले, मागून पुरे कराचे) ते अजून तसेच आहेत. घरवाल्याचं वेगळंच, गव्हाले पाणी द्याले रात्रीची लाइन असते तर सहरीले (रोजाच्या आधीचं पहाटेचं जेवण) ते वावरातच. अन् सासरे शुगरची गोळी खातात पण रोजा सोडाचा नाही म्हणतात. शेवया, मसाला, सामान ते मी करून घेईन, पण हे बाकीचं कसं करा लागते सांगजा.

खाला_अकोट
बेटा, पहिले ते सात कझा घे. पैगंबरांच्या बिबी हजरत आयेशा आपले राहिलेले रोजे शाबानमधी, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात, पुरे करत, बुखारी या हदीसच्या किताबात आहे, म्हणून उशीर झाला असं मनाले लावून घेऊ नको. पण पार शेवटावरही ढकलू नको, आपल्या बायांचे मधात काही दिवस तसेच जातात. सोमवार-गुरुवार धर, महिन्याच्या आत सात होतात अन् अंगालेही सवय लागते. डोकं दुखते ते बहुतेक चहाचं असते, दिवसाचे चार-पाच कप एकदम बंद झाले तर ठणकनच, मी पंधरा दिवस आधी एकेक कप तोडत आणते अन् आता मले काहीच होत नाही. सहरीले ज्वारीची भाकर, वरण, दही. लोणचं, पापड नको, दिवसभर तहान लागते. पाणी मगरिबपासून (सूर्य बुडल्यावर रोजा सोडतो तवापासून) थोडं थोडं पेत राय, सहरीच्या टायमाले दोन तांबे एकदम पेऊन काही फायदा नाही.

मेडिकलवाला
ताई, सासऱ्यांना आत्ताच डॉक्टरकडे घेऊन जा, रमजानच्या दोन दिवस आधी नको. दीड-दोन महिने आधी गेलं की एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी), किडनी बघून गोळीचा डोस अन् टाइम बदलता येतो. काही गोळ्या उपाशीपोटी शुगर एकदम खाली आणतात, त्यामुळे सकाळची गोळी आपल्या मनानं संध्याकाळी देऊ नका. बोटातून रक्त काढून शुगर तपासल्यानं रोजा तुटत नाही हे त्यांना मशिदीतल्या मौलानांकडून ऐकवा, घरच्यांचं ऐकत नाहीत म्हातारे लोक. शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर तिथंच रोजा सोडायचा. डॉक्टर नाहीच म्हणाले तर आजाऱ्याला कुराणातच सवलत आहे, बरं व्हायची आशा नसेल तर रोजामागं एका गरिबाचं जेवण, फिदिया. माझ्या वडिलांना हे पटायला दोन वर्षं लागली, त्यात एकदा ते चक्कर येऊन पडले, म्हणून एवढं सांगतो.

काळी_माती
वहिनी, मी मुसलमान नाही पण माझा धुरेकरी आहे. आमची विहीर सामाईक, रमजानभर रात्रीची पाळी मी घेतो, माझ्या पोरीच्या लग्नात माझ्या गव्हाले त्यानंच पाणी दिलं होतं. भाऊले म्हणा आताच शेजाऱ्यासंग बोलून ठेवा, ऐन टायमावर कोणाचं जमत नाही. अन् नाहीच जमलं तर संध्याकाळीच डबा अन् पाण्याची कॅन सोबत द्या. तुमच्यासाठी तर हरभऱ्याची सोंगणी चांगलीच आहे, तशीही ती दवात पहाटेच करा लागते, ऊन चढलं की घाटे फुटतात. फजरची (पहाटेची) नमाज झाली की निघा, उन्हाच्या आधी घरी या. मालकिणीले आताच सांगून ठेवा.

पऱ्हाटी (यवतमाळ जिल्हा)
खाला, भाऊ, सगळ्यांचं वाचून घरी दाखवलं. सासरे दवाखान्यात जायले हो म्हटले, पण मौलानाले विचारून मगच. विहीर आमचीही सामाईकच आहे, हे आज संध्याकाळी बोलाले जातात. उद्या गुरुवार आहे, पहिला कझा धरते, सहरीले भाकरीचं पीठ आताच काढून ठेवलं.