तैलाभ्यंग फेब्रुवारीच्या मिस्सेत सरसकट द्यावा का?

मिरजकर
११ फेब्रुवारी म्हणजे जागतिक आजारी दिन. त्याच्या जवळच्या रविवारी आजारी आणि थकलेल्या मंडळींना मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) एकत्र तैलाभ्यंग, म्हणजे फादरांनी प्रार्थना म्हणत तेल लावायचा आजाऱ्यांचा संस्कार, द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मिरजेतल्या दवाखान्यांतून फादरांना फोन जातो तोच मुळी पेशंट व्हेंटिलेटरवर गेल्यावर. मग पापनिवेदन (फादरांपाशी पापांची कबुली) नाही, ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) गिळवत नाही, उरतं फक्त तेल. कधी फादर पोचेपर्यंत माणूस गेलेला असतो. मृताला हा संस्कार देत नाहीत, फक्त प्रार्थना करतात. बायपासची तारीख आठवडाभर आधी ठरते, तेव्हा का नाही बोलावत? तर फादर दारात दिसले की घरातले रडायला लागतात म्हणून! ही भीती घालवायची तर सगळ्यांदेखत, चर्चमध्येच व्हायला हवं.

कृष्णाकाठ
दुखणं बरोबर सांगितलंत, औषध चुकलंय. कॅनन (कॅथलिक चर्चच्या कायद्याचं कलम) १००४ नुसार आजारपणाने किंवा म्हातारपणाने जिवाला धोका सुरू झालेल्यांसाठी हा संस्कार आहे. ‘आजारी असतील त्यांनी पुढे यावं’ अशी घोषणा झाली की सर्दीवालेही उठतात. रांग वाढली की डोक्यावर हात ठेवून शांत प्रार्थना करायची असते ती उरकली जाते. आणि पुढे खरोखर कॅन्सर निघाला की घरचे म्हणणार, फेब्रुवारीत झालंय की!

मिरजकर
तसं म्हणणाऱ्यांना सांगायचं की बरा होऊन पुन्हा गंभीर आजारी पडला, किंवा त्याच आजारात प्रकृती आणखी खालावली, तर पुन्हा घेता येतो. सामुदायिक विधीला कॅनन १००२ चीच मुभा आहे, फक्त बिशपांचे नियम पाळायचे आणि माणसं तयारीनिशी आलेली हवीत. रांग नकोच. आठ दिवस आधी नावं घ्या, ती मंडळी पुढच्या दोन बाकांवर बसवा, फादर त्यांच्यापाशी जातील. मोतीबिंदूवाल्याला आधीच नाही म्हणा. ऐंशीच्या पुढे अगदी खंगलेल्या आजींना मात्र वेगळा आजार नसला तरी चालतं.

घाटवाट
साताऱ्याकडे धर्मग्राम (एका चर्चखालचे परिसर) पसरलेले, फादर एकटे. रात्री कुठून फोन येईल सांगता येत नाही, म्हणून तेलाची डबी आणि कापूस गाडीतच हवा. बिशपांनी आशीर्वादित केलेलं तेल संपलं तर निकडीला फादर तिथल्या तिथे आशीर्वाद देऊ शकतात, कुठलंही वनस्पतीचं तेल चालतं. ऑलिव्हचा हट्ट १९७२ मध्येच सुटला, म्हणजे आपलं शेंगतेलही चालेल. कपाळावर लावताना प्रार्थनेचा पहिला भाग, तळहातांना लावताना दुसरा. सलाइनची पट्टी असली किंवा घाई असली तर एकट्या कपाळावर पूर्ण प्रार्थना म्हणून भागतं. कपाळही बँडेजमध्ये असेल तर शरीराच्या दुसऱ्या भागावर. आयसीयूत मेणबत्ती नको, ऑक्सिजन चालू असतो. नातेवाईक हटकून घेऊन येतात.

तासगावची सून
आमच्याकडे निम्मी घरं मिश्र. सासूबाई सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) आहेत, त्या बाकावर येऊन बसल्या तर?

कृष्णाकाठ
याचसाठी मी विरोधात आहे. कॅनन ८४४ प्रमाणे त्यांच्या जिवाला धोका हवा (दुसरी काही निकड असेल तर ती बिशपांनी मान्य केलेली), त्यांचे पाळक मिळू नयेत, त्यांनी आपणहून मागावं, या संस्काराबद्दल आपली श्रद्धा त्यांची असावी, शिवाय मनाची तयारी हवी. हे सगळं भरल्या चर्चमध्ये कोण विचारणार? घरी पाच मिनिटांत विचारता येतं.

मिरजकर
नावं घेतानाच विचारायचं. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेणारे सेवक ते करतील, घराघराची प्रकृती त्यांनाच माहीत असते. तेल मात्र फादरांनीच लावायचं, सेवक काय, डीकनलाही (फादरांच्या खालच्या पायरीचा दीक्षित धर्मसेवक) चालत नाही.

कृष्णाकाठ
मग यादी सेवकांनी करावी आणि फादरांनी एकेकाच्या घरी जावं. पापनिवेदनही तिथेच होईल, बाकावर शेजारी ऐकत असताना ते कोण करणार?

घाटवाट
पापनिवेदन शनिवारी संध्याकाळी ठेवा. पंचवीस घरं एका फादरांच्या आठवड्यात बसत नाहीत हो.