मदत हवी आहे: मोठी भरती आणि हिवाळी वादळ एकत्र येणार असेल तर घर कधी सोडायचं?

वेलांटी:

नमस्कार मंडळी. आम्ही थंड प्रदेशात, समुद्राला लागून असलेल्या सखल भागात राहतो. घर आणि पाणी यांच्यामध्ये एक दगडी बांध आणि एक रस्ता, एवढंच. उन्हाळ्यात राहायला आलो तेव्हा सगळं शांत होतं. आता वादळांचा मोसम आहे. येत्या पौर्णिमेच्या आसपास वर्षातली मोठी भरती आहे आणि नेमक्या त्याच दिवसांत वादळाची शक्यता वर्तवली आहे. घरात सासूबाई-सासरे आहेत. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यांना भरभर चालता येत नाही. त्यामुळे आयत्या वेळची पळापळ मला कुठल्याही परिस्थितीत नको आहे.

मला समजत नाहीयेत त्या गोष्टी अशा. भरतीच्या तक्त्यात त्या दिवशीची भरती १२ फूट दिली आहे. घराच्या कागदपत्रांत जमिनीची उंची ९ फूट आहे. मग दर मोठ्या भरतीला आम्ही बुडायला हवं, पण तसं होत नाही. का? दुसरं म्हणजे, शेजारचे काका म्हणतात की मागच्या वेळीही असाच इशारा होता, वादळ आलं नि गेलं, रस्तासुद्धा ओला झाला नाही. त्यांच्यावर विसंबायचं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, निघायची वेळ कशी ठरवायची? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

दर्यावर्दी:

वेलांटी, आधी त्या ९ आणि १२ फुटांबद्दल, कारण या आकड्यांवरून भलेभले फसतात. दोन्ही उंच्या एकाच शून्यापासून मोजलेल्या नसतात. भरतीचे तक्ते बहुतेक ठिकाणी खालच्या ओहोटीची पातळी शून्य धरतात. जमिनीची उंची मोजणारे वेगळं शून्य धरतात, ते सरासरी समुद्रपातळीच्या जवळपास असतं. बॉस्टनला या दोन शून्यांमध्ये सुमारे साडेपाच फुटांचा फरक आहे. तुमच्याकडे तो किती आहे हे स्थानिक हवामान कार्यालयाला विचारा. त्याहून चांगला प्रश्न म्हणजे, 'आमचा रस्ता भरतीच्या तक्त्यातल्या किती फुटांना पाण्याखाली जातो?' किनाऱ्यावरच्या कार्यालयांकडे अशा नोंदी बऱ्याचदा असतात. तो आकडा मिळाला की कागदावर लिहून फ्रिजवर लावा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

आता तक्त्यातले १२ फूट. ते फक्त चंद्र-सूर्याचं गणित आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते, सहसा एक-दोन दिवस उशिरा. त्यात चंद्र पृथ्वीच्या जवळ असेल तर पाणी आणखी चढतं. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्याही सर्वांत जवळ असते, त्याची थोडी भर पडते. वाऱ्याचा नि वादळाचा त्या तक्त्यात हिशोबच नसतो.

वादळ तीन तऱ्हांनी पाणी वाढवतं. हवेचा दाब १ मिलिबारने उतरला की समुद्र साधारण १ सेंटिमीटर वर येतो. म्हणजे दाब नेहमीपेक्षा ४० मिलिबारने कमी झाला, तर नुसत्या त्यानेच जवळजवळ सव्वा फूट. दुसरा वारा. तो किनाऱ्याच्या दिशेने तासन्‌तास वाहिला की पाणी लोटून आणतो, आणि समुद्र जितका उथळ तितकी ही वाढ मोठी. या दोन्हींच्या डोक्यावर लाटा. बांध ओलांडून दगडगोटे रस्त्यावर फेकतात त्या लाटा.

तुमच्या काकांचं उत्तर यातच आहे. भरती-ओहोटीत आठ-दहा फुटांचा फरक असेल आणि वादळाचा जोर ओहोटीला आला, तर तीन फूट जादा पाणी कुणाच्या लक्षातही येत नाही. तेच वादळ सहा तास उशिरा आलं तर रस्ता नाहीसा होतो. मागच्या वेळी इशारा चुकला नव्हता, वेळ जुळली नव्हती. म्हणून 'वादळ किती मोठं' एवढंच विचारू नका. 'जोर कोणत्या वाजता, आणि तेव्हा भरती कुठे असेल' हे विचारा. अंदाज काही तासांनी पुढेमागे होऊ शकतो, त्यामुळे एकाच भरतीवर भिस्त ठेवू नका.

बॉस्टनचंच उदाहरण घ्या. २०१८ च्या जानेवारीत १-२ तारखेला पौर्णिमा, चंद्र जवळ, सूर्यही जवळ. ४ तारखेला वादळ आलं ते भर भरतीच्या वेळी. तिथल्या पाण्याने १९७८ च्या हिमवादळाचा विक्रम मोडला. रस्त्यांवर बर्फाळ पाणी आलं आणि किनाऱ्यावरच्या काही गावांत उभ्या गाड्या त्यात गोठून अडकल्या.

निळाई:

दर्यावर्दींनी छान समजावलंय. मला एक भर घालायची आहे. हिवाळी वादळं चक्रीवादळासारखी काही तासांत निघून जातीलच असं नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मार्च १९६२ मध्ये एक वादळ लागोपाठ पाच भरत्या ठाण मांडून होतं. बऱ्याच किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे साडेबारा तास असतात. पहिल्या भरतीला वाळू नि बांधाचा पाया धुपतो, पाणी पुरतं ओसरत नाही, आणि तेवढ्यात दुसरी चढते. पहिली भरती निभावली म्हणून लगेच घरी परतू नका, हे कळकळीने सांगते.

आणि रात्रीची भरती सर्वांत वाईट. ३१ जानेवारी १९५३, शनिवारची रात्र, उत्तर समुद्रात वादळ आणि उधाण एकत्र आले. नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली, इंग्लंडमध्ये ३०७. बहुतेक जण झोपेत होते, वेळेवर इशारा पोचलाच नाही. तिथेच ५ डिसेंबर २०१३ ला काही ठिकाणी पाणी १९५३ पेक्षाही वर चढलं, पण इशारे आधी पोचले, लोक आधी हलले, बांधही भक्कम होते, आणि जीवितहानी फारच कमी झाली. इशाऱ्यांची किंमत मला त्या दोन रात्रींवरून कळते. फोनवरचे इशारे रात्री आवाज करतील असे ठेवा.

वेलांटी:

दोघांचे मनापासून आभार. फुटांचं कोडं सुटलं. उद्याच कार्यालयात विचारते. आणखी दोन शंका. पाणी रस्त्यावर दिसू लागल्यावर गाडीने निघालो तर चालेल का, की सरळ वरच्या मजल्यावर जावं? आणि सासऱ्यांना लाटा पाहायची फार हौस आहे. बांधावर थोडा वेळ उभं राहिलं तर एवढं काय, असं ते म्हणतात. त्यांना काय सांगू?

दर्यावर्दी:

पाणी दिसल्यावर निघणं म्हणजे उशीर झाला. बांध शाबूत असतानाही समुद्राचं पाणी पावसाळी गटारांच्या जाळ्यांतून उलटं वर येतं, त्यामुळे तुमच्या दारापेक्षा परतीचा रस्ता आधी बुडू शकतो. भर भरतीच्या दोन तास आधीच पाणी रस्त्यावर असू शकतं. मोठ्यांना घेऊन निघायचं असेल तर आदल्या ओहोटीला, उजेडात, औषधं आणि उबदार कपडे घेऊन निघा. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी वाहून जाऊ शकते. त्या पाण्याखाली रस्ता खचलेला असेल तर वरून दिसत नाही. अडकलातच, तर वरचा मजला. पण घर लाटांच्या माऱ्यात असेल तर वरचा मजला पुरेसा नाही, म्हणून तो पहिला पर्याय धरू नका.

गाडी विजेवर चालणारी असेल तर आधीच उंचावर नेऊन ठेवा. खारं पाणी शिरलेल्या बॅटरीला नंतर काही दिवसांनीही आग लागू शकते. वीज गेली तर जनरेटर किंवा कोळशाची शेगडी घरात वा गॅरेजमध्ये अजिबात लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि दारं-खिडक्या बंद असतात.

निळाई:

सासऱ्यांना हे सांगा: बराच वेळ लाटा सारख्याच आकाराच्या येतात, मग अचानक एखादी खूप आत येते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर हिवाळ्यात अशा लाटांबद्दल मुद्दाम इशारे देतात. वाळूवर पडलेला टनभर वजनाचा ओंडका घोट्याएवढ्या पाण्यातही तरंगतो नि लोळतो, त्याखाली माणसं सापडली आहेत. बांधावरून कुणी पडलं तर गार पाण्याच्या धक्क्याने पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही, नाकातोंडात पाणी जातं. पोहता येणाऱ्यांचंही तसंच होतं. कुणी पडलंच तर मागे उडी मारू नका. दोर किंवा तरंगणारी वस्तू फेका, पाठीवर तरंगत राहायला ओरडून सांगा आणि बचाव पथकाला फोन करा.

हौस मोडायची गरज नाही. बांधापासून बऱ्याच मागे, उंचावर, जिथून परतायचा रस्ता पाण्याजवळून जात नाही अशी एखादी जागा शोधा. तिथे गाडीत बसून दुर्बिणीतून बघू द्या. पण तेही वादळाच्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी इशारा उठल्यावर.

वेलांटी:

दुर्बीण आहे आमच्याकडे. आणि गावाच्या वरच्या बाजूला राहणाऱ्या मैत्रिणीला आत्ताच फोन केला. दोन्ही रात्री तिच्याकडेच जायचं ठरलंय, आदल्या दुपारच्या ओहोटीला निघू. शेजारच्या काकांनाही आमच्याबरोबर यायचा आग्रह करणार आहे. रस्त्याचा आकडा कळला की इथे टाकते.